यंत्रसल्ला : घाटात तापणारी स्कूटर

प्रश्न : माझ्याकडे १९९७ साली घेतलेली १५० सी.सी.ची, गिअरची टू-स्ट्रोक स्कूटर आहे. गेल्या दिवाळीत इंजिन पूर्ण उघडून सिलिंडरचे बोअरिंग केले, नवा पिस्टन बसवला आणि दोन्ही ऑइल सील बदलली. गावात गाडी उत्तम चालते. परंतु वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटात चार-पाच किलोमीटर चढल्यावर इंजिनातून टकटक ऐकू येते, पिकअप पडतो आणि गाडी बंद पडते. २० मिनिटे थांबलो की पुन्हा सुरू होते. इंजिनाला मोकळी हवा लागावी म्हणून मेकॅनिकने सिलिंडरवरचे पत्र्याचे कव्हर काढून ठेवले आणि पेट्रोलमध्ये लिटरला २० ऐवजी ४० मिलिलिटर ऑइल घालण्यास सांगितले. तरीही त्रास वाढतच आहे. पुन्हा बोअरिंग करावे लागेल का?
– एक वाचक, वाई

उत्तर : बोअरिंगचा, म्हणजे सिलिंडर आतून कापून गुळगुळीत करण्याचा, विचार तूर्त बाजूला ठेवावा आणि आधी ते काढून ठेवलेले कव्हर परत बसवून घ्यावे. आपला त्रास त्या कव्हरामुळे सुरू झालेला नाही, हे खरे. पण तो वाढला आहे तो बहुधा ते काढल्यामुळेच.

मोटारसायकलचे इंजिन उघड्यावर असते आणि समोरून येणारा वारा त्याच्या पाकळ्यांवर (सिलिंडरभोवतीच्या धातूच्या पातळ कडांवर) थेट आदळतो. स्कूटरचे इंजिन मात्र मागे, एका बाजूला, डिकीच्या आड दडलेले असते; तिथे वाऱ्याचा झोत पोहोचत नाही. ही अडचण या घराण्याच्या पहिल्या स्कूटरपासूनची आहे. १९४६ साली इटलीत व्हेस्पाची रचना करणारे कोरादिनो दास्कानियो हे मूळचे विमान आणि हेलिकॉप्टर यांचे अभियंता होते. त्या रचनेत मॅग्नेटच्या, म्हणजे स्पार्कसाठी वीज तयार करणाऱ्या, चाकालाच पंख्याची पाती दिलेली असतात आणि पंख्याची हवा पत्र्याच्या बोगद्यातून सिलिंडरच्या व हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) पाकळ्यांमधून सक्तीने फिरवली जाते. १९७२ पासून आकुर्डीत तयार होऊ लागलेल्या चेतकमध्येही हीच व्यवस्था होती आणि आपल्या गाडीतही हीच आहे. कव्हर काढले की पंख्याची हवा जिथे वाट मिळेल तिथे पसरते आणि पाकळ्यांच्या खोल खाचा, विशेषतः हेडची पंख्यापासून लांबची बाजू, कोरड्या राहतात. पाटाचा बांध फोडला तर पाणी वाढत नाही, फक्त शेवटच्या वाफ्यापर्यंत पोहोचत नाही. हवेचेही तसेच आहे. कव्हर बसवण्यापूर्वी पाकळ्यांमधला तेलकट चिखल जुन्या टूथब्रशने आणि रॉकेलने खरवडून काढावा, पंख्याची तुटलेली पाती मोजावीत आणि कव्हरचे सर्व स्क्रू जागेवर आहेत याची खात्री करावी, कारण एक स्क्रू नसला तरी फट पडते आणि हवा गळते.

ऑइल दुप्पट करण्याचा सल्लाही उलटा पडणारा आहे. कार्बोरेटरचे जेट (बारीक छिद्र) ठरावीक मापाचे मिश्रण सोडते. त्यात ऑइल जास्त म्हणजे पेट्रोल तेवढे कमी आणि मिश्रण थोडे घट्ट, म्हणून जेटमधून कमी उतरणारे. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडले की इंजिन अधिक तापते. हा फरक लहान असला तरी चुकीच्या दिशेचा आहे; शिवाय जादा ऑइल जळून सायलेन्सरमध्ये काजळी धरते ती वेगळीच. नव्या पिस्टनचे पहिले हजार किलोमीटर ऑइल थोडे जास्त ठेवणे समजण्यासारखे आहे; ते अंतर ओलांडले असेल तर निर्मात्याने सांगितलेल्या प्रमाणावर, म्हणजे आपल्या बाबतीत लिटरला २० मिलिलिटरवर, परत यावे.

आता मूळ कारणाकडे. गाडी घाटात बंद पडेल त्या क्षणी रस्त्याच्या कडेला घेऊन, काही न उघडता, किक हाताने हळूच दाबून पाहावी. किक दगडासारखी घट्ट लागली, तर पिस्टन सिलिंडरमध्ये पकडला आहे. पिस्टन ॲल्युमिनिअमचा आणि सिलिंडर बिडाचा असतो. सारख्याच उष्णतेने ॲल्युमिनिअम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे दोघांमधली बारीक फट नाहीशी होते, आणि निवल्यावर ती पुन्हा मोकळी होते म्हणून २० मिनिटांनी गाडी सुरू होते. किक नेहमीसारखी हलकी असेल, तर प्लग काढून स्पार्क पाहावा. गार असताना ठणठणीत असणारी कॉइल तापल्यावर स्पार्क देईनाशी होते, हे जुन्या गाड्यांत वारंवार दिसते आणि त्याचे खापर उगाच इंजिनावर फुटते. स्पार्कही चांगला असेल, तर टाकीचे झाकण उघडावे. ‘फस्स’ असा हवा आत ओढल्याचा आवाज आला, तर झाकणाचे छिद्र बुजले आहे आणि टाकीतून पेट्रोलच उतरत नाही. ही तीन मिनिटांची तपासणी केल्याशिवाय कोणालाही इंजिन उघडू देऊ नये. आपण ऐकलेली टकटक पाहता माझा कल पिस्टन पकडण्याकडेच आहे, परंतु कल म्हणजे निदान नव्हे.

किक घट्टच निघाली, तर संशयाची सुई दिवाळीतल्या कामाकडे वळते. ऑइल सील बदलायची म्हणजे मॅग्नेट आणि त्यामागची कॉइलची प्लेट काढावी लागते. ही प्लेट लांबट खाचांमध्ये स्क्रूने आवळलेली असते आणि काही अंश इकडेतिकडे फिरू शकते. काढण्यापूर्वी खूण केली नसेल आणि बसवताना ती अंदाजाने बसवली असेल, तर स्पार्क वेळेआधी पडतो, भार पडताच टकटक सुरू होते आणि हेड भराभर तापते. गावातल्या सपाट रस्त्यावर हा दोष लपून राहतो, घाटात तो उघडा पडतो. आपण सांगितलेल्या लक्षणांशी हे सर्वांत जवळचे आहे. टायमिंग (स्पार्क पडण्याची वेळ) कानाने नव्हे, खुणा जुळवून तपासून घ्यावे.

दुसरी शक्यता मॅग्नेटच्या बाजूचे सील नीट न बसल्याची. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस (पिस्टनखालची पेटी) हवाबंद असावी लागते. तिथून बाहेरची हवा आत शिरली की मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. ॲक्सिलरेटर सोडल्यावरही रेस लवकर खाली येत नसेल, तर हे सील किंवा कार्बोरेटरखालचे पॅकिंग पाहावे. (क्लचच्या बाजूचे सील गेले तर गिअरबॉक्सचे ऑइल इंजिनात ओढले जाऊन सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो, आपण धुराचा उल्लेख केलेला नाही.) मिश्रणाची साक्ष प्लग देतो. चढावर पूर्ण पिकअपमध्ये असताना क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करावे, गाडी सुरक्षित उभी करावी आणि प्लग निवल्यावर पाहावा. विटकरी-तपकिरी रंग असेल तर मिश्रण ठीक आहे. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडते किंवा प्लगच चुकीच्या उष्णताक्रमांकाचा आहे. एन.जी.के.च्या प्लगवरचा आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडून देणारा. ७ च्या जागी ६ क्रमांकाचा बसवला असेल तर तो घाटात जास्त तापतो. बॉशच्या नव्या क्रमांकांत हा हिशेब नेमका उलटा आहे, हे दुकानात सांगितले जातेच असे नाही.

पुन्हा बोअरिंग लागेल का, याचे उत्तर फारसा खर्च न करता मिळते. सायलेन्सर काढला की सिलिंडरच्या धूर बाहेर पडण्याच्या तोंडातून पिस्टनची बाजू दिसते. किक हळू फिरवत बॅटरीच्या उजेडात तिच्यावर उभे ओरखडे किंवा ॲल्युमिनिअम माखल्यासारखे डाग आहेत का, ते पाहावे. ते नसतील तर बोअरिंगची गरज नाही. सायलेन्सर हातात आलाच आहे तर तो भाजून आतली काजळीही साफ करून घ्यावी.

चालवण्याविषयी एक गोष्ट. इंजिन ओरडू नये म्हणून बरेच जण चढावर तिसऱ्या गिअरमध्ये रेटत राहतात. पंखा मात्र इंजिनाच्याच गतीने फिरतो, म्हणून फेरे पडले की वारा पडतो, आणि तोही भार सर्वाधिक असताना. दुसरा गिअर घ्यावा, आवाज होऊ द्यावा. उतरतानाही काळजी हवी : गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवून मैलभर उतरले, तर पेट्रोलच जात नाही आणि त्याबरोबर येणारे ऑइलही जात नाही, म्हणून मधूनमधून ॲक्सिलरेटर क्षणभर फिरवावा. तापलेल्या इंजिनावर बाटलीतले पाणी ओतण्याचा मोह मात्र आवरावा, त्याने बीड तडकू शकते.

प्रश्न : माझ्या ११० सी.सी.च्या विनागिअर, फोर-स्ट्रोक स्कूटरला महिनाभर बंद राहिल्यानंतर सपाट रस्त्यावरही करपल्याचा वास येतो आणि सीटखाली खूप गरम लागते. इंजिन ऑइल नुकतेच बदलले आहे.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : महिनाभर बंद राहिलेली गाडी, तीही कोकणात, म्हटल्यावर पहिला संशय उंदरावर. आपल्या इंजिनालाही पंखा आणि प्लास्टिकचे आवरण आहे, आणि ते आवरण घरट्यासाठी उबदार, अंधारी आणि आयती जागा असते. पंख्याची जाळी आणि आवरण काढून सुंभाचे तुकडे, चिंध्या, नारळाच्या काथ्या काढाव्यात आणि कुरतडलेल्या वायरी पाहाव्यात. घरटे सापडले नाही, तर मागचे ब्रेक चिकटले आहेत का ते मुख्य स्टँडवर चाक हाताने फिरवून तपासावे. दमट हवेत उभ्या गाडीचे ब्रेक सुटेनासे होतात आणि करपल्याचा वास पुष्कळदा तिथलाच असतो. ऑइल बदलल्यावर त्याची पातळी काडीवर स्वतः पाहिली नसेल, तर गाडी सपाट जागी मुख्य स्टँडवर लावून आजच पाहावी. या इंजिनात एक लिटरहूनही कमी ऑइल मावते, त्यामुळे थोडेसे कमी पडले तरी ते जाणवते.