इंग्रजी साहित्याला गॅलिकची जोड: तू विचारलंस म्हणून सविस्तर

तुझा प्रश्न असा की, बारावीनंतर स्कॉटलंडला जाऊन इंग्रजी साहित्य आणि गॅलिक (स्कॉटलंडची जुनी केल्टिक भाषा) अशी जोडपदवी करावी का, केली तर कुठे, आणि "त्या भाषेचं काय लोणचं घालायचंय?" असं विचारणाऱ्या घरच्यांना काय सांगावं. मी सांगलीहून ग्लासगोला येऊन नेमकं हेच केलं, त्यामुळे माझं उत्तर जरा पक्षपाती आहे. कर. फक्त गॅलिकला तोंडीलावणं समजून येऊ नकोस.

आधी पैशाचं बोलून टाकू. इंग्लंडमध्ये पदवी बहुधा तीन वर्षांची, स्कॉटलंडमध्ये ऑनर्स पदवी चार वर्षांची. म्हणजे एका वर्षाची फी आणि घरभाडं जास्त. इथल्या मुलांची फी स्कॉटिश सरकार भरतं, आपल्याला परदेशी विद्यार्थ्याची पूर्ण फी. शिवाय तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा अधिभार वर्षाला ७७६ पौंड, तोही सगळ्या वर्षांचा व्हिसाच्या अर्जाबरोबर एकदम. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं. त्यातून किराणा निघतो, फी नाही. पदवीनंतर राहण्याचा व्हिसा १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिन्यांचाच मिळणार, आणि तू त्यातच मोडतेस. कर्ज काढणार असाल तर हे बाबांसमोर आत्ताच मांड. आणि कलाशाखेच्या या पहिल्या पदवीला ग्लासगो, एडिंबरा, अॅबरडीनला एम.ए.च म्हणतात. आमच्या काकांनी "बारावीनंतर थेट एम.ए.!" म्हणून पेढे वाटले होते. ते मी अजून दुरुस्त केलेलं नाही.

आता भाषेकडे. पहिल्याच आठवड्यात बाईंनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं, उच्चार साधारण "हा ल्योर अकम". शब्दशः अर्थ: आहे पुस्तक माझ्यापाशी. शेजारचा मँचेस्टरचा मुलगा वैतागला, "टू हॅव" गेलं कुठे? मला हसू आलं. आपल्याकडे तरी ते कुठे आहे? भूक आपल्याला लागते, गॅलिकमध्ये ती माणसाच्या अंगावर असते. आवडणंही आपल्यासारखंच, "मला आवडतं" अशा वळणाचं. हो-नाहीला सरळ शब्द नाही, "आलास का?" तर "आलो". वडीलधाऱ्यांना तुम्ही, मित्राला तू. जुनी माणसं विसांत मोजतात, माझी आजी बाजाराचा हिशेब "तीन विसा" असा करायची तसंच. संबोधनसुद्धा आहे, फक्त आपण विठ्ठलाचं शेपूट बदलतो आणि ते तोंडही बदलतात: शेमसला हाक मारायची तर "अ हेमिश". हेमिश हे इंग्रजीत गेलेलं नाव असं त्या हाकेतून आलं.

पण म्हणून सोपी समजू नकोस. अक्षरं अठराच, आणि त्या अठरांत सगळे उच्चार बसवायचे म्हणून स्पेलिंग पाहून घाम फुटतो. बी किंवा एमला एच चिकटला की उच्चार 'व', कधी तो 'व'सुद्धा गिळलेला. क्रियापद वाक्याच्या सुरुवातीला, आपल्या बरोबर उलट. आणि रोजचा रियाझ लागतो. दुसऱ्या वर्षी इंग्रजीचे दोन निबंध एकाच आठवड्यात द्यायचे होते, म्हणून मी पंधरा दिवस गॅलिकचे तास बुडवले. कादंबरी रात्र जागून संपवता येते, षष्ठी विभक्ती नाही. त्या परीक्षेत जेमतेम तरले.

दोन्ही विषय एकत्र घेण्यातली खरी मजा मला मॅकफर्सनपाशी कळली. १७६० च्या दशकात जेम्स मॅकफर्सनने ओसियन नावाच्या प्राचीन गॅलिक कवीचं भाषांतर म्हणून इंग्रजी पुस्तकं छापली, अख्खा युरोप वेडा झाला, आणि इंग्रजी कोशकार सॅम्युअल जॉन्सनने हे थोतांड आहे म्हणून रान उठवलं. इंग्रजीच्या वर्गात हे प्रकरण स्वच्छंदतावादाची (रोमँटिसिझमची) नांदी म्हणून शिकवतात. गॅलिकच्या वर्गात मूळ लोकगीतं समोर येतात, आणि त्याने खरोखर काय उचललं, काय पदरचं घातलं, हे ओळीओळीने दिसतं. दोन्हीकडे बसल्याशिवाय ही गंमत हाती लागत नाही. विसाव्या शतकातला मोठा गॅलिक कवी सॉर्ली मॅक्लीन एडिंबराला इंग्रजीच शिकला होता, हे घरच्यांना अवश्य सांग.

आणि संस्कृती म्हणजे किल्ट आणि बॅगपाइप नव्हे. आम्हाला एकदा टेबलाभोवती बसवून ओलं लोकरी कापड आपटायला लावलं. बेटांवरच्या बायका असं कापड घट्ट करताना गाणी म्हणायच्या: एक सांगणार, बाकीच्या धरणार, ठोका हाताचा. पूर्वी ते कापड शिळ्या मुतात भिजवत. आमच्या नशिबी साबणाचं पाणी होतं. पाचव्या मिनिटाला मला जात्यावरच्या ओव्या आठवल्या, तिथेही सासर आणि माहेरच. अशी ध्वनिमुद्रणं एडिंबराच्या स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजने १९५१ पासून जमवली. तोबर अन दुअल्खस या संकेतस्थळावर फुकट ऐकता येतात. आजच ऐक.

कुठे? पदवी ग्लासगोला. गॅलिक बोलणारी माणसं, शाळा, गाण्याच्या बैठका सगळं शहरात सापडतं. एडिंबरा, अॅबरडीनही चांगली. स्काय बेटावरचं सावल मोर ओस्तक हे कॉलेज सगळं गॅलिकमधूनच शिकवतं, पण तिथे इंग्रजी साहित्य नाही. तिथे उन्हाळी वर्गाला जा. माझी जीभ तिथल्या एका आठवड्यात सुटली, वर्गात वर्षभरात सुटली नव्हती.

नोकरीचं खरं सांगते. २०२२ च्या जनगणनेत थोडंफार गॅलिक येणारे सुमारे १ लाख ३० हजार निघाले, लोकसंख्येच्या अडीच टक्के. बाजार एवढासाच. पण गॅलिक माध्यमाच्या शाळांना शिक्षक मिळत नाहीत. मीही पदवीनंतर वर्षभराचं प्रशिक्षण घेऊन तिथेच शिरले. बीबीसी आल्बा ही गॅलिक वाहिनी आहे, भाषांतर आहे, २०२५ च्या कायद्याने भाषेला अधिकृत दर्जाही मिळाला. तरी व्हिसा देणारी नोकरी हमखास मिळेल या भरवशावर येऊ नकोस.

अर्जाची मुख्य मुदत जानेवारीत संपते. तोवर ड्युओलिंगोवर गॅलिक सुरू कर, दोन्ही विभागांना लिहून तासांची वेळापत्रकं एकमेकांवर येतात का ते विचार, आणि अर्जात स्वतःबद्दल लिहायच्या निवेदनाचा मसुदा मला पाठव. त्यात "लहानपणापासून वाचनाची आवड" हे वाक्य दिसलं तर परत पाठवीन.