आयएसओ, नॉइज आणि शॅडोजमधले पट्टे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आयएसओ (फोटो किती उजळ करायचा ते ठरवणारी कॅमेऱ्याची सेटिंग) १०० वर फोटो नितळ येतो, ६४०० वर दाणेदार. म्हणजे हा दाणेदारपणा, नॉइज, आयएसओमुळेच येतो ना?

आयएसओवर उगाच आळ येतो. तेवढाच उजळ फोटो काढताना १०० वरून ६४०० वर गेलात की सेन्सरवर ६४ पट कमी प्रकाश पडतो, आणि नॉइज बहुतांशी त्या तुटवड्याचा असतो. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, पावसाच्या थेंबांसारखे बेभरवशाचे. शेजारी ठेवलेल्या दोन वाट्यांत मोजून सारखे थेंब पडत नाहीत. हा चढउतार संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो : पिक्सेलमध्ये फोटॉनांनी सुटे केलेले १०,००० इलेक्ट्रॉन जमले तर १०० चा, म्हणजे १ टक्का; १०० च जमले तर १० चा, म्हणजे १० टक्के. हा नॉइज प्रकाशातच असल्यामुळे भारीतल्या सेन्सरलाही तो पुसता येत नाही. सेन्सरची कारागिरी कळते ती शॅडोजमध्ये, म्हणजे फोटोच्या गडद भागांत.

प्रश्न : ‘१४ स्टॉप डायनॅमिक रेंज’ हा आकडा येतो कुठून?

भागाकारातून. डायनॅमिक रेंज म्हणजे एकाच फोटोत मावणारा सर्वांत गडद ते सर्वांत उजळ पल्ला, आणि एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट. पिक्सेलमध्ये काठोकाठ ५०,००० इलेक्ट्रॉन मावतात आणि वाचताना ३ इलेक्ट्रॉनांचा रीड नॉइज मिसळतो असं धरू. भागाकार सुमारे १६,७००. २ चा १४ वा घात १६,३८४, म्हणून १४ स्टॉप. पण अगदी तळाशी सिग्नल आणि नॉइज बरोबरीचे असतात, तेव्हा तिथे तपशील शोधू नका. आणखी एक मेख : काही कॅमेरे इलेक्ट्रॉनिक शटरवर १४ ऐवजी १२ बिटांत वाचतात. उजेड मोजायच्या पायऱ्या उरतात ४,०९६ आणि कात्री शॅडोजलाच लागते. मॅन्युअलमध्ये हे बारीक अक्षरात असतं.

प्रश्न : जुन्या कॅमेऱ्याच्या फाइलमध्ये शॅडोज उचलल्या (सॉफ्टवेअरमध्ये उजळ केल्या) की पट्टे दिसतात, नव्यात दिसत नाहीत. आयएसओ निवडताना याचा विचार करावा का?

जरूर करावा. जुन्या रचनेत अ‍ॅनालॉग सिग्नल सेन्सरबाहेर निघून मोजक्या, अतिवेगवान कन्व्हर्टरांपर्यंत (सिग्नलचे आकडे करणाऱ्या भागांपर्यंत) जायचा. वाटेत आणि त्या घाईत नॉइज मिसळायचा, शिवाय प्रत्येक वाहिनीचा थोडा वेगळा, त्याचेच पट्टे. सोनीने २००७ मध्ये आणलेल्या एक्समॉर सेन्सरमध्ये पिक्सेलच्या प्रत्येक स्तंभाला सेन्सरवरच स्वतःचा कन्व्हर्टर मिळाला. इतके जण काम वाटून घेतात म्हटल्यावर प्रत्येकाला सावकाश, नेमकं मोजता येतं. कॅननने २०१६ च्या १डीएक्स मार्क २ मध्ये कन्व्हर्टर सेन्सरवर आणला.

जुन्या रचनेत आयएसओ वाढवणं फायद्याचं, कारण सिग्नल त्या गोंगाटाआधीच मोठा होतो. नव्यात हा फायदा फार थोडा. तुमचा कॅमेरा कुठल्या जातीचा, हे घरीच तपासा. ट्रायपॉड लावा, मॅन्युअल मोडमध्ये आयएसओ १६०० ला योग्य ठरेल असं अ‍ॅपर्चर आणि शटर ठरवा, ते न बदलता १००, ४०० आणि १६०० वर रॉ (प्रक्रिया न केलेले) फोटो काढा. सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन बंद करून पहिला ४ स्टॉप, दुसरा २ स्टॉप उचला. तिन्ही सारखे दिसले तर कॅमेरा नव्या जातीचा; कमी आयएसओवर काढा आणि हायलाइट (उजळ भाग) वाचवा.

मधेच एखाद्या आयएसओपासून नॉइज एकदम घटलेला दिसला तर ती पायरी ड्युअल गेनची, म्हणजे पिक्सेल दोन प्रकारे वाचण्याच्या सोयीची. सोनीच्या ए७ ३ कॅमेऱ्यात ती ६४० ला आहे : तिथून पुढे पिक्सेलची धारिता कमी केली जाते, तेवढ्याच इलेक्ट्रॉनांना जास्त व्होल्टेज मिळतं आणि रीड नॉइज घसरतो. त्यामुळे ५०० पेक्षा ६४० वरच्या शॅडोज स्वच्छ.

प्रश्न : कमी नॉइजसाठी कमी मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्यावा का?

सहसा नाही. ४८ मेगापिक्सेलचा फोटो १२ वर आणला की चार पिक्सेलांचा प्रकाश एकत्र होतो. रीड नॉइज मात्र चारदा मिसळल्याने दुप्पट होतो, पण ते अगदी काळोख्या भागातच जाणवतं. खरा फरक सेन्सरच्या क्षेत्रफळाचा : मोठा, फुल फ्रेम सेन्सर ८६४ चौरस मिमी, लहान, एपीएस-सी सुमारे ३६७. त्याच एक्स्पोजरला सव्वा स्टॉपचा लाभ. डेप्थ ऑफ फील्ड (स्पष्ट दिसणारी खोली) जुळवायला अ‍ॅपर्चर बंद केलंत की तोही जातो.

प्रश्न : ग्लोबल शटरच्या सोनी ए९ ३ चा बेस (मूळ, सर्वांत कमी) आयएसओ २५० का?

सगळे पिक्सेल एकाच क्षणी थांबवायचे तर वाचन होईपर्यंत चार्ज ठेवायला प्रत्येकाला जास्तीची कोठी लागते. ती मुख्य साठ्याची जागा खाते, पिक्सेल लवकर भरतो. खेळ आणि फ्लॅशसाठी हा सौदा परवडतो. सूर्यासमोरच्या निसर्गचित्रांसाठी ओळीओळीने वाचणाऱ्या रोलिंग शटरचाच कॅमेरा घ्या.