दोन कामं, एक पासबुक

प्रश्न : मी भांडुपला राहते, वय ४३. सकाळी साडेसहा ते दीड पवईच्या एका ऑफिसात ठेकेदारामार्फत हाउसकीपिंग करते आणि दुपारी मुलुंडला तीन घरी स्वयंपाक. ठेकेदाराकडे पगार ११,८००, तीन घरांचे मिळून ७,५००. मार्च २०२० मध्ये दोन्ही कामं एकाच आठवड्यात थांबली. ठेकेदाराने एप्रिलचा पगार पूर्ण दिला, मे महिन्याचा १७ तारखेपर्यंतचा दिला. मग 'बोलावतो' म्हणाला आणि बोलावलं ते थेट जानेवारी २०२१ मध्ये. तीन घरांपैकी एका आजींनी एकही महिना चुकवला नाही, बाकीच्या दोन घरांनी फोन उचलणं सोडलं. जनधन खात्यात तीनदा ५०० रुपये आले. पीएफमधून एकदा पैसे काढले. माझ्या नणंदेची मुलगी लंडनला असते. ती एका हॉटेलात आणि कपड्यांच्या एका दुकानात अशी दोन कामं करते. तिला म्हणे दोन्हीकडून घरबसल्या पगार मिळाला. हे खरं आहे का? मग आपल्याकडे दोन कामं करणाऱ्या बाईला काहीच का नाही? पीएफमधून पुन्हा पैसे काढता येतील का? आणि घरकामगारांना सरकारने दीड हजार जाहीर केले म्हणून तिथे नाव नोंदवलं, तर 'दुसरीकडे काम करतेस' म्हणून ठेकेदार मला काढणार नाही ना? (नाव छापू नये. सोबत एप्रिल २०२० च्या पगाराच्या स्लिपचा फोटो पाठवत आहे.)

उत्तर : ताई, लंडनची गोष्ट खरी आहे. तिथे मार्च २०२० मध्ये जी योजना आली, ती नोकरीला जोडलेली होती, माणसाला नाही. मालकाने कामगाराला घरी बसवलं तर पगाराचे ८० टक्के, महिन्याला जास्तीत जास्त २,५०० पौंड, सरकार मालकाला द्यायचं आणि मालक कामगाराला. ज्याच्या दोन नोकऱ्या, त्याचा हिशेब दोनदा. २,५०० ची मर्यादासुद्धा प्रत्येक मालकाकडे वेगळी. हॉटेल बंद आणि दुकान चालू असलं, तरी हॉटेलचे ८० टक्के मिळायचे आणि दुकानातलं काम करता यायचं. ३० सप्टेंबर २०२१ पर्यंत ही योजना चालली. तेव्हा तुमची भाची खोटं बोलत नाही.

पण परदेशात सगळीकडे असंच झालं, असं मात्र समजू नका. ऑस्ट्रेलियात सुरुवातीला दर पंधरवड्याला सरसकट १,५०० डॉलर होते आणि ते एकाच मालकाकडून घ्यायचे होते. ज्याची दोन अर्धी कामं होती, त्याने एक मालक निवडायचा. नंतर रक्कम कमी झाली, आठवड्याला २० तासांपेक्षा कमी काम असणाऱ्यांना आणखी कमी मिळू लागलं आणि मार्च २०२१ अखेर योजनाच बंद झाली.

आता आपल्याकडचं. माझी ३१ वर्षं एका कंपनीच्या पगार खात्यात गेली. मस्टर, स्लिपा, पीएफची चलनं, सगळं हाताखालून गेलेलं आहे. म्हणून तुमचं पत्र वाचताना माझं लक्ष पहिलं गेलं ते १७ मे या तारखेकडे. ती ठेकेदाराने मनाने ठरवलेली नाही. २९ मार्च २०२० ला केंद्राच्या गृह मंत्रालयाने हुकूम काढला होता, की टाळेबंदीच्या काळात मालकांनी पगार न कापता द्यावा. तो १८ मेपासून मागे घेतला गेला. ठेकेदाराने हुकूम होता तोवर पैसे दिले आणि दुसऱ्या दिवशी हात काढून घेतला. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, मालक-कामगारांनी आपसात बोलून मिटवावं, असंच सांगितलं. भांडुपच्या बाईने पवईच्या ठेकेदाराशी आपसात काय बोलायचं, हे माझ्या पोटात तेव्हाही खुपत होतं, आजही खुपतं.

त्या हुकमातले शब्द होते उद्योग, दुकानं आणि व्यापारी आस्थापना. घर हा शब्द नव्हता. म्हणजे तुमच्या १९,३०० च्या कमाईतले ७,५०० सरकारच्या लेखी नव्हतेच. आजींनी दिले ते त्यांच्या मनाच्या मोठेपणाने. तुमच्या 'का नाही'चं उत्तर हेच आहे. आपल्याकडे पैसे आले ते पीएफ खातं, ईएसआय (कामगार राज्य विमा) क्रमांक, जनधन खातं, घरेलू कामगार मंडळाची नोंदणी अशा कागदांवर. कामं दोन असोत की चार, ज्या कामाचा कागद नाही त्याला मदत नाही. माझी आई लालबागच्या एका खानावळीत रोज दीडशे पोळ्या लाटायची. माझ्या शाळेच्या फॉर्मवर तिच्या नावापुढे 'गृहिणी' लिहिलेलं असायचं. आपल्या पोरींच्या फॉर्मवर तुम्ही तरी तसं लिहू देऊ नका.

आता ज्या कामाचा कागद आहे, त्यातून काय निघतं ते पाहू. तुमच्या स्लिपवर मूळ पगार १०,०००, इतर भत्ते १,८००. कपात : पीएफ १,२००, ईएसआय ८९, व्यवसाय कर २००. हातात १०,३११. बेरीज-वजाबाकी बरोबर आहे, पण मी अडलो ते १,२०० वर. मार्च ते ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांत, ज्या आस्थापनेत १०० पर्यंतच कामगार आहेत आणि त्यातल्या ९० टक्क्यांचा पगार १५,००० च्या आत आहे, तिथे कामगाराचे १२ टक्के आणि मालकाचे १२ टक्के असे दोन्ही हिस्से केंद्र सरकार भरत होतं. तिथे कामगाराच्या पगारातून पीएफ कापायचाच नव्हता. तुमचा ठेकेदार त्यात बसत असेल आणि ही सवलत त्याने घेतली असेल, तर एप्रिलचे १,२०० तुमचे आहेत, ते परत मिळायला हवेत. मार्चचे आणि मेचेही तसेच. त्याच्याकडे शंभराच्या वर माणसं असतील, तर एप्रिलची कपात योग्य. पण मग मेच्या स्लिपवर १२ नाही, १० टक्के दिसायला हवेत, कारण मे, जून आणि जुलैसाठी दर खाली आणला होता.

किती माणसं आहेत हे ठेकेदाराला विचारायची गरज नाही. पीएफच्या संकेतस्थळावर आस्थापनेचं नाव टाकून शोधलं, की कुठल्या महिन्याला किती कामगारांचे पैसे भरले ते दिसतं. मुलाला बसवा मोबाईल घेऊन, दहा मिनिटांचं काम आहे. तक्रार करायची वेळ आली तर तीही तिथेच ऑनलाइन करता येते.

तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेखच नाही आणि मदतीची सगळ्यात मोठी रक्कम त्यातच आहे. दरमहा ८९ रुपये कापून जो ईएसआय भरला जातो, त्यात 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' आहे. काम सुटलं तर आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवस, सरासरी रोजच्या पगाराचा ठरावीक भाग मिळतो. आधी तो २५ टक्के होता. २४ मार्च ते ३१ डिसेंबर २०२० या काळात काम गेलेल्यांसाठी तो ५० टक्के केला गेला आणि ३० दिवसांच्या बेकारीनंतर मालकाच्या सहीशिवाय थेट ईएसआयच्या शाखा कार्यालयात अर्ज करायची सोय झाली. तुमच्या पगारावर ढोबळ हिशेब केला तर ९० दिवसांचे १७,००० च्या घरात होतात. याच योजनेत दोन कामं करणाऱ्यांसाठी एक नियम आहे. एकाहून जास्त मालकांकडे ईएसआय कापला जात असेल, तर सगळ्यांकडचं काम सुटल्यावरच माणूस बेकार धरला जातो. तुमचा ईएसआय एकाच ठिकाणी कापला जात होता, त्यामुळे हा नियम तुमच्या आड येत नाही. काम सुटून बराच काळ उलटलाय. याच आठवड्यात जा. आधार, बँकेचं पासबुक आणि ईएसआयचं कार्ड न्या. जून ते डिसेंबर तुमच्या नावावर एक रुपयाही भरला गेलेला नाही, हाच तुमचा पुरावा. 'बोलावतो' म्हणणं म्हणजे काम असणं नव्हे, हे खिडकीवर ठामपणे सांगा.

पीएफमधून कोविडसाठी पुन्हा पैसे काढता येत होते, ती सोय जून २०२४ मध्ये बंद झाली. ३१ मे २०२१ ला सरकारने कोविडसाठीची दुसरी उचल मंजूर केली होती. ज्यांनी पहिली घेतली, त्यांनाही ती मिळायची आणि परत भरावी लागत नव्हती. तीन महिन्यांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, किंवा खात्यातल्या शिलकीचे ७५ टक्के, यातलं जे कमी ते. तुमचे तीन महिन्यांचे ३०,००० होतात. खात्यात समजा २६,००० असते, तर १९,५०० मिळाले असते. पासबुकातला पेन्शनचा रकाना या शिलकीत धरू नका, मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के तिकडे जातात. पण ताई, ईएसआयचे पैसे मिळणार असतील तर पीएफला हात लावू नका. पीएफ ही तुमचीच बचत आहे, त्याला मदत म्हणायला माझी जीभ वळत नाही.

राहिला घरकामाचा प्रश्न. एप्रिल २०२१ मध्ये मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलेले १,५०० रुपये नोंदणीकृत घरेलू कामगारांसाठी होते. नोंदणी राज्याच्या घरेलू कामगार कल्याण मंडळाकडे, १८ ते ६० वयात होते आणि त्यासाठी लागतो मालकाचा दाखला. या एका कागदावर बहुतेक बायका अडतात, कारण सही दिली तर उद्या काही अंगावर येईल, असं घरमालकिणींना वाटतं. तुमच्याकडे आजी आहेत. दाखला त्यांच्याकडूनच घ्या. किती वर्षांपासून काम करता आणि महिन्याला किती मिळतात, हे त्यात लिहून घ्या. मग अर्ज कामगार आयुक्तांच्या कार्यालयात द्या. नोंदणीचं नूतनीकरणही वेळेवर करत राहा.

ठेकेदाराची भीती बाळगू नका. एकाच दिवशी दोन ठिकाणी काम करायला जुन्या कारखाना कायद्याच्या कलम ६० ची बंदी होती ती दोन कारखान्यांसाठी. सकाळी ऑफिस आणि दुपारी स्वयंपाक याला ती लागू नव्हती. नेमणूकपत्र दिलं असेल तर त्यात दुसऱ्या कामाबद्दल काही अट आहे का, एवढं बघून घ्या. पत्र दिलंच नसेल, तर ते आधी मागा.

भांडुपहून कार्यालयांच्या फेऱ्या करायच्या म्हणजे प्रत्येक फेरीला एक खाडा पडणार, हे मला कळतं. म्हणून पहिली फेरी ईएसआयची करा. पीएफच्या पासबुकातल्या मार्च, एप्रिल आणि मे २०२० या तीन ओळींचा फोटो मला मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. मेची स्लिप सापडली तर तीही. १,२०० चा हिशेब मी करून देतो.