गार्डनसमोर झेब्रा क्रॉसिंग मागावं का? आमच्या कोपरखैरणेचा अनुभव

तुमचा प्रश्न असा आहे की नवी मुंबईत घणसोलीला सोसायटीसमोर गार्डन झालंय, संध्याकाळी लहान मुलं आणि आजी-आजोबा रस्ता ओलांडून जातात, सोसायटीतले निम्मे म्हणतायत झेब्रा क्रॉसिंग मारून घेऊ आणि निम्मे म्हणतायत काही उपयोग नाही, उलट ट्रॅफिक तुंबेल. मी शेजारच्याच कोपरखैरणेत राहते, आम्ही हे सगळं चार वर्षांपूर्वी केलंय आणि त्यात आमची एक मोठी चूक झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी माझं मत सांगते. आतला दोन पदरी रस्ता असेल तर हो, नक्की मागा. पण मधे डिव्हायडर आणि प्रत्येक बाजूला दोन-दोन लेन असा रस्ता असेल तर नुसते पांढरे पट्टे कृपया मागू नका.

आम्ही तेच मागितले होते. सह्या गोळा करणाऱ्यांत मी पुढे होते, साडेतीनशे सह्या झाल्या, अर्ज दिला, दोन महिन्यांत रात्रीतून पट्टे मारून गेले आणि आम्ही ग्रुपवर एकमेकांचं अभिनंदन करत बसलो. त्यानंतर तीन आठवडे झाले असतील, संध्याकाळी एक आजी नातवाचा हात धरून पट्ट्यांवर उतरल्या, फूटपाथलगतच्या लेनमधला टेम्पोवाला थांबला, अगदी चांगुलपणाने थांबला, हाताने जा जा म्हणाला, आणि त्या टेम्पोच्या पलीकडून डिव्हायडरच्या लेनमधून बाईक आली. बाईकवाल्याला टेम्पोआड मूल दिसलंच नाही आणि मुलाला बाईक दिसली नाही. पायाचं हाड मोडलं, मूल वाचलं, आज खेळतंय. पण मी गेटवर उभी होते, आणि पट्टे आल्यावर "आता इथूनच ओलांडा हं" असं त्या आजींना मीच सांगितलं होतं. ते अजून मनातून जात नाही.

आमच्या बिल्डिंगमधले एक काका पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेत, त्यांनी नंतर समजावून सांगितलं की हा योगायोग नव्हता, दोन लेन एकाच दिशेने जातात तिथे हा धोका कायमचाच, एक गाडी थांबली की तीच दुसऱ्या लेनच्या नजरेआड भिंत होते. अमेरिकेत यावर मोठा अभ्यास झालाय, ३० शहरांतल्या पट्टे असलेल्या १००० आणि नसलेल्या १००० जागा त्यांनी तपासल्या, २००५ साली त्याचा अंतिम अहवाल आला. दोन लेनच्या रस्त्यावर पट्ट्यांनी फरक पडला नाही, ना चांगला ना वाईट. पण अनेक लेनचा, मधे उंच डिव्हायडर नसलेला आणि दिवसाला १२,००० च्या वर गाड्यांचा रस्ता असेल तर तिथे फक्त पट्टे मारलेल्या जागी अपघाताचं प्रमाण पट्टे नसलेल्या जागांपेक्षा जास्त निघालं. उंच डिव्हायडर असेल तिथे हा आकडा १५,००० आहे. तिथला ड्रायव्हर आपल्यापेक्षा जास्त थांबतो तरी ही गत. आपल्याकडे तर पट्टा बघून ब्रेक मारणारा विरळाच आणि ओलांडणाऱ्याला मात्र वाटतं की आता आपण सुरक्षित.

म्हणून आधी मोजा. यंत्र वगैरे काही लागत नाही, तीन-चार जण, मोबाईल आणि वही. एक वर्किंग डे आणि एक रविवार, सकाळी सहा ते आठ कारण मॉर्निंग वॉकवाले तेव्हा असतात आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ. जवळ शाळा असेल तर सुटायची वेळ पण घ्या.

स्पीड मोजायला रस्त्याच्या कडेला ३० मीटर अंतर टेपने मोजून दोन खुणा करायच्या आणि गाडीला किती सेकंद लागतात ते बघायचं, ३ सेकंद लागले तर ताशी ३६ किलोमीटर, २ सेकंद लागले तर ५४. आमच्याकडे रात्री आठनंतर दोन सेकंदाच्या आत जाणाऱ्या बाईक बऱ्याच निघाल्या. हे का महत्त्वाचं, तर इंडियन रोड्स काँग्रेसच्या, म्हणजे देशातल्या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या (आयआरसी) हिशोबात ड्रायव्हरला दिसायला, कळायला आणि थांबायला मिळून ताशी ३० ला ३० मीटर लागतात, ४० ला ४५ आणि ५० ला ६० मीटर. आता तुमच्या गेटपासून ६० मीटर मागे जाऊन उभे राहा आणि बघा क्रॉसिंगची जागा दिसते का. आमच्याकडे दिसत नव्हती, मधे पार्क केलेल्या गाड्या, स्कूलबस, भेळवाला, आणि डिव्हायडरमधली झाडं इतकी वाढलेली की सात वर्षांचं मूल त्यामागे उभं असेल तर पूर्ण झाकलं जायचं.

दुसरं म्हणजे गाड्यांमधली फट मोजा. माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं धरतात, म्हणजे ७ मीटरच्या रस्त्याला ६ सेकंद. काठी घेतलेल्या आजोबांना नाहीतर कडेवर मूल असलेल्या बाईला ०.८ धरा, म्हणजे जवळपास ९ सेकंद. दोन गाड्यांमधे ९ सेकंदांची मोकळी जागा दहा मिनिटांत किती वेळा मिळते ते लिहून काढा. आमच्याकडे संध्याकाळी सातला एकदा मिळाली होती. हा एक आकडा साहेबांसमोर ठेवला ना की बाकी भाषणाची गरज पडत नाही.

आता तुम्हाला एक फॉर्म्युला ऐकवला जाईल, आम्हाला ऐकवला गेला. पीव्ही स्क्वेअर. पी म्हणजे गर्दीच्या तासात ओलांडणारी माणसं, व्ही म्हणजे त्याच तासात दोन्ही बाजूंच्या मिळून गाड्या, गाड्यांचा वर्ग करायचा आणि माणसांनी गुणायचं, डिव्हायडर नसलेल्या रस्त्यावर उत्तर १० कोटींच्या वर आणि डिव्हायडर असलेल्यावर २० कोटींच्या वर गेलं पाहिजे. म्हणजे तासाला १००० गाड्या आणि १०० माणसं असतील तर बरोबर १० कोटी. ६०० गाड्या आणि १८० माणसं असतील तर साडेसहा कोटींच्या आतच राहतं, "तुमचं बसत नाही" म्हणून अर्ज परत. आम्ही हिरमुसून घरी आलो होतो, काकांनी ते कागद काढून दाखवले तेव्हा कळलं की आयआरसी १०३ म्हणजे पादचारी सोयींची मार्गदर्शक पुस्तिका, तिच्या १९८८ च्या आवृत्तीतली ही अट कंट्रोल्ड क्रॉसिंगसाठी आहे, म्हणजे सिग्नल वगैरे लावून गाड्या थांबवायच्या असतील तर, साध्या झेब्रासाठी नाही. आणि तिथेच पुढे बाकीची कारणं पण दिलीयत, गाड्या ताशी ६५ च्या वर येत असतील, थांबायचा वेळ फारच लांबत असेल, किंवा वर्षात पाच किंवा जास्त पादचारी जखमी झाले असतील. ती शेवटची ओळ वाचून माझ्या पोटात कालवलं. पाच मुलं पडेपर्यंत वाट बघायची का? म्हणून थांबायच्या वेळेचा मुद्दा धरा, वरची फटींची मोजणी तिथेच कामाला येते.

त्या फॉर्म्युल्यात अजून एक गोष्ट मला खटकते. तो फक्त ओलांडणारी माणसं मोजतो. आमच्या तळमजल्यावरच्या आजी गुडघ्यांमुळे त्या रस्त्याला घाबरून गार्डनला जायच्याच बंद झाल्या, खिडकीत बसून मुलं खेळताना बघायच्या, त्या कुठल्याच मोजणीत नाहीत. मग आम्ही तीन बिल्डिंगमधे दार वाजवून विचारलं की रस्त्यामुळे गार्डनला जात नाही असं कोण कोण आहे, १४ जण निघाले, त्यातले बहुतेक सत्तरीच्या पुढचे. ही यादी अर्जाला जोडा. गार्डन ज्यांच्यासाठी बांधलं तेच जर येत नसतील तर तेही मोजलं गेलं पाहिजे.

ट्रॅफिक तुंबेल म्हणणाऱ्यांसाठी सरळ हिशोब करा. तासाला १८० माणसं, ती काही एकेकटी जात नाहीत, तीन-चारच्या घोळक्याने जातात, म्हणजे पन्नासेक वेळा रस्ता ओलांडला जाणार, दर वेळी आठ सेकंद धरले तर तासाभरात सात मिनिटांच्या आत, तेही विखुरलेले. एका गाडीच्या वाट्याला फार तर दहा सेकंद. आणि देशात २०२२ मधे रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं गेली त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती, पाचातला जवळपास एक. दहा सेकंदांची तक्रार मला त्यापुढे पटत नाही.

जागा कुठली हे फार महत्त्वाचं आहे आणि इथे लोक चुकतात. गेटसमोरच पट्टे पाहिजेत असा हट्ट नको. पण सोयीची म्हणून ८०-१०० मीटर लांब पण नको, तिथपर्यंत कोणी चालत जात नाही, मुलं तर नाहीच नाही. दोन दिवस नुसतं बघा, लोक आपोआप कुठून ओलांडतात, डिव्हायडरवर कुठे झाडं तुडवून वाट पडलीय, तीच जागा, फक्त ती वळणावर किंवा बस स्टॉपच्या लगेच पुढे नसावी, थांबलेल्या बसमागून कोण येतंय ते दिसत नाही. आमच्याकडे गार्डनचं गेटच वळणावर होतं. तेव्हा उद्यान विभागाला सांगून पन्नास पावलं अलीकडे दुसरं छोटं गेट काढून घेतलं, गल्लीच्या तोंडासमोर, आणि वळणावरचं संध्याकाळी बंद ठेवायला लावलं. सगळ्या धडपडीत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारं काम तेच ठरलं. तुमचं गार्डन नवीन आहे, गेट हलवणं आत्ता सोपं जाईल, हे आधी तपासा.

मग मागायचं काय. दोन पदरी रस्ता असेल तर टेबलटॉप मागा, म्हणजे झेब्रा फूटपाथच्या उंचीला आणायचा, रुंद सपाट स्पीडब्रेकरसारखा, गाडीचा वेग आपोआप कमी होतो आणि व्हीलचेअर, बाबागाडी न उतरता सरळ जाते. कंबरतोड छोटे स्पीडब्रेकर मागू नका, रिक्षातल्या गरोदर बाईचे आणि अ‍ॅम्ब्युलन्समधल्या पेशंटचे हाल होतात. दोन्ही बाजूंना झेब्राच्या आधी नो पार्किंग, नुसता बोर्ड नाही तर तिथे बोलार्ड, म्हणजे गाडी अडवणारे छोटे खांब, किंवा फूटपाथच थोडा पुढे काढून घ्या म्हणजे गाडी लावायला जागाच उरत नाही. दिवा नेमका क्रॉसिंगवर पडतोय का ते रात्री बघा, आमच्याकडे दिवा होता पण झाडाच्या आत.

डिव्हायडरवाला रस्ता असेल तर डिव्हायडरमधे थांबायची जागा पाहिजेच, बाबागाडीसकट माणूस नीट उभा राहील एवढी, दीड-दोन मीटर, आणि आजूबाजूची झुडपं मुलाच्या कमरेच्या वर वाढू द्यायची नाहीत. म्हणजे एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या बघाव्या लागतात. आणि थांबायची रेघ झेब्राला चिकटून नको, बरीच मागे, म्हणजे थांबलेल्या टेम्पोच्या पुढून शेजारची लेन दिसते. आमच्या त्या संध्याकाळी ती रेघ मागे असती तर, असं मला कायम वाटतं. वेग जास्तच असेल तर मग बटण दाबायचा सिग्नलच मागा, तिथे तडजोड करू नका.

अर्ज विभाग कार्यालयात कार्यकारी अभियंत्यांच्या नावे आणि एक प्रत तुमच्या भागातल्या वाहतूक पोलीस शाखेला, दोन्हीकडे पोच घ्या. रस्ता महापालिकेचा आहे की सिडको या सरकारी महामंडळाकडे आहे हे आधी विचारून घ्या, नाहीतर कागद इकडून तिकडे फिरत राहतो. अर्जात दोन गोष्टी लिहा, एक म्हणजे २०१७ च्या मोटार वाहन चालक नियमांप्रमाणे झेब्रावर पादचाऱ्याला आधी जाऊ देणं ड्रायव्हरवर बंधनकारक आहे, आणि दुसरं म्हणजे मे २०२५ मधे सुप्रीम कोर्टाने पादचाऱ्यांचा फूटपाथवरचा हक्क घटनेच्या कलम २१ खाली धरलाय. उत्तर नाही आलं तर १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, "या रस्त्याची पादचारी मोजणी कधी केली, प्रत द्या" एवढंच विचारा. आमची फाईल त्या एका प्रश्नानंतर हलली.

आणि रंगाचं काम पावसाळ्याच्या तोंडावर करून घेऊ नका, ऑक्टोबरनंतर करा, थर्मोप्लास्टिकचा जाड पट्टा आणि त्यात चमकणारे काचेचे मणी असं अर्जातच लिहा. साधा रंग आमच्याकडे एका पावसात गेला होता.

तुम्ही रस्ता किती पदरी आहे ते लिहिलं नाहीये, डिव्हायडर आहे का ते पण नाही. ते कळवा, आणि या रविवारी मोजायला बसणार असाल तर मला सांगा, घणसोली काही लांब नाही, माझी वही आणि टेप घेऊन मी संध्याकाळी साडेपाचला येते.