बोलायला शिकवलं, आता आम्हालाच बोलते!

‘वादविवादाच्या वर्गाला घातल्यापासून मुलगी शब्दाला शब्द देते. काहीही सांगितलं की हिचे तीन मुद्दे तयार. चारचौघांत धीटपणे बोलता यावं म्हणून घातलं होतं, आता ती आम्हालाच बोलते. वर्ग बंद करू का?’

प्राथमिक शाळेतल्या मुलांचे पालक हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत, पण अगदी याच वैतागाने विचारतात. उत्तर देताना मला माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेलं एक कुटुंब आठवतं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगी चौथीतली, धाकटा भाऊ पहिलीत. आई-बाबा दोघंही नोकरी करणारे. तक्रार मुख्यतः आईची होती. बाबांना मनातून लेकीचं कौतुकच वाटत होतं आणि ते लपत नव्हतं. ‘वकील होणार ही,’ असं ते हसत म्हणाले. त्यावर आईने ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून या वाक्यावर घरात आधीही खटके उडाले असणार.

मुलीला म्हटलं, ‘तुमच्या वर्गात कसं बोलतात, दाखव बघू.’ ती लगेच उठली. पाय जुळवले, उजवा हात पुढे केला. ‘माझ्या विरोधी बाजूने मांडलेला मुद्दा मला मुळीच मान्य नाही, कारण...’ आणि एकेक बोट दुमडत तीन कारणं. खणखणीत आवाज, अडखळणं नावाला नाही. विषय होता ‘मोबाइल : शाप की वरदान’. (हा विषय कुणीतरी आता मुलांच्या मानगुटीवरून उतरवायला हवा.) मी विचारलं, ‘छान. पण विरोधी बाजूने कोणता मुद्दा मांडला होता?’

ती गोंधळली. ‘ते नाही माहीत. माझं खंडन आधीच लिहून दिलेलं असतं.’

सगळी गोम इथे होती. समोरचा तोंड उघडायच्या आधीच त्याचं खंडन पाठ! याला वादविवाद कसं म्हणायचं? ही तर दोन पाठ केलेली भाषणं, एकापाठोपाठ एक झालेली. ऐकण्याचा भाग त्यातून साफ गळलेला. मुलगी जे वर्गात शिकली तेच घरी करत होती. समोरून काय येतंय याच्याशी देणंघेणं नाही, आपले तीन मुद्दे ठणकावायचे आणि शेवटी कोण जिंकलं ते बघायचं. हा उद्धटपणा नव्हे, अर्धवट शिकवणं आहे. म्हणून वर्ग बंद करू नका, असं मी पहिल्याच भेटीत सांगितलं. आईला ते फारसं रुचलं नाही.

घरातला सगळ्यात मोठा वाद झोपण्याच्या वेळेचा होता. तो आम्ही तिथेच, माझ्यासमोर घेतला, पण एका अटीवर. कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञांनी १९५१ साली एक साधा प्रयोग सुचवला होता : वाद तापला की आधी समोरच्याचं म्हणणं, त्यामागच्या भावनेसकट, त्याचं समाधान होईल असं आपल्या शब्दांत सांगायचं, मगच आपलं म्हणणं मांडायचं. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा म्हणजे कळेल.

मुलगी म्हणाली, ‘आईला वाटतं, मी अजून बाळ आहे.’

आई म्हणाली, ‘असं मी कधी म्हटलं?’

‘मग... आईला वाटतं, मी झोपले की तिला टीव्ही बघता येईल.’ बाबा खुदकन हसले. मी त्यांना हातानेच थांबवलं.

तिसऱ्या वेळी मुलगी आईकडे वळली. ‘तूच सांग ना मग, का ते.’ आणि आईने पहिल्यांदाच कारण सांगितलं : तू उशिरा झोपलीस की सकाळी उठत नाहीस, सगळ्यांचं आवरणं पुढे जातं, मला कामावर पोचायला उशीर होतो आणि तिथे ऐकून घ्यावं लागतं. तोवर घरात फक्त ‘मी सांगते म्हणून’ एवढंच कारण चालत आलं होतं. मुलीने ते बरोबर परत सांगितलं. ‘ऐकून घ्यावं लागतं’ हेसुद्धा सोडलं नाही.

मग पाळी बाबांची. त्यांनी बेधडक सांगून टाकलं, ‘हिला मोबाइल बघायचा असतो.’ मुलीने मान हलवली. दोन-तीन अंदाज फसल्यावर तिनेच सांगितलं, ‘छोटू आणि मी एकाच वेळी झोपतो. मग मी मोठी असून उपयोग काय?’ एवढे दिवस चाललेल्या वादात हे वाक्य एकदाही आलं नव्हतं. तिचे तीन मुद्दे होते झोपेचे तास, मैत्रिणींच्या वेळा आणि सुट्टीचा दिवस. खरं कारण त्यांच्या मागे दडलेलं. तोंडपाठ मुद्द्यांचा हाही एक तोटा : मूल हुशारीने बोलतं, पण स्वतःचं बोलत नाही.

पुढच्या भेटीला मी त्यांना घरातल्या वादांची यादी करून आणायला सांगितली. मानसशास्त्रज्ञ एलियट ट्युरिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलंय, की मुलं सगळे नियम एका मापाने मोजत नाहीत. दुसऱ्याला मारू नये हा नियम वेगळा, रांगेत उभं राहण्याचा वेगळा आणि ‘माझे केस मी कसे बांधायचे’ ही बाब त्यांच्या लेखी तिसरीच. या शेवटच्या भागात मोठे शिरले की मुलं हटकून भांडतात. यादीत तेच दिसलं. कपडे, केस, दप्तर कसं लावायचं, सुट्टीत आधी काय करायचं. रस्ता ओलांडताना हात धरण्यावरून एकही वाद नव्हता. आईला याचं नवल वाटलं, मला नाही.

म्हणून यादीची विभागणी केली. जिवाशी संबंध असलेलं काही असेल तर त्या क्षणी वाद नाही, कारण नंतर सांगायचं, पण सांगायचं नक्की. केस आणि दप्तर तिचं तिच्याकडे. उरलेल्या मधल्या गोष्टी, म्हणजे झोप, मोबाइलची वेळ, घरकाम, यांवर वाद चालेल, पण रॉजर्सच्या अटीवर. पालकांनाही एक अट घातली : तिचा मुद्दा बिनतोड असेल तर निर्णय बदलायचा. कितीही चांगलं बोललं तरी निकाल आधीच ठरलेला असेल, तर मूल ऐकणं सोडून देतं आणि आवाज चढवतं. त्याच्या जागी आपण असतो तर वेगळं काय केलं असतं?

धाकट्याचं प्रकरण जरा नाजूक होतं. ताईच्या शब्दांपुढे त्याचं काही चालायचं नाही. तो रडायचा किंवा हात उगारायचा, आणि मग बोलणी त्यालाच. बोलता येणं ही ताकद आहे आणि ती दुबळ्यावर वापरली जाऊ शकते, हे वक्तृत्व शिकवणारे सहसा सांगत नाहीत. इथे नियम उलटा केला : भावाशी वाद झाला तर ताईने त्याच्या बाजूने बोलायचं. पहिल्यांदा तिने फार कुरकुर केली. मग तिला त्यात मजा वाटू लागली, कारण त्याची बाजू ती त्याच्यापेक्षा चांगली मांडायची!

पालकांच्या संमतीने मी वर्गाच्या शिक्षिकेशीही बोलले. त्यांनी मोकळेपणाने ऐकून घेतलं. लिहून दिलेलं खंडन बंद केलं. मुलांनी आधी समोरच्याचा मुद्दा एका वाक्यात सांगायचा, तो ‘हो, हेच म्हणालो’ म्हणाला की मगच उत्तर द्यायचं. अर्ध्या वेळेनंतर बाजू बदलायच्या. विषयही बदलले. मुलांच्या विचारांची वाढ अभ्यासणारे मानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्या मांडणीनुसार साधारण ७ ते ११ या वयात मुलं डोळ्यांसमोरच्या, अनुभवाच्या गोष्टींबद्दल नीट तर्क करू शकतात. निव्वळ अमूर्तात ती मोठ्यांची वाक्यं उसनी घेतात. ‘विज्ञान तारक की मारक’ यावर नऊ वर्षांचं मूल स्वतःचं असं काय सांगणार? ‘खेळाचा तास सकाळी असावा की शेवटी’ यावर मात्र ते पोटतिडकीने बोलतं. शिक्षिका म्हणाल्या, मुलं आता जास्त अडखळतात. अडखळू दे, म्हटलं. विचार करत बोलणारं माणूस अडखळतंच.

प्रत्येक वाद घालणारं मूल या गोष्टीत बसत नाही, हेही सांगायला हवं. चिडणं, अडून बसणं, मुद्दाम त्रास देणं, सूड उगवणं असं वागणं सहा महिन्यांहून जास्त टिकलं असेल, ते फक्त भावंडांपुरतं नसेल आणि त्याने घरचं किंवा शाळेचं रोजचं चालणं बिघडत असेल, तर वर्गाला दोष देत बसू नका, बालमानसतज्ज्ञाला दाखवा.

या घरात वाद कमी झाले का? नाही. आईने शेवटच्या भेटीत तसं स्पष्टच सांगितलं. पण आता वाद लवकर मिटतात आणि त्यात रडारड नसते. झोपायची वेळ ताईसाठी अर्धा तास पुढे गेली, अट एवढीच की सकाळी एका हाकेत उठायचं. एका हाकेत अजून जमत नाही, तीन लागतात. त्यावर ताईचं म्हणणं आहे, की पहिली हाक फार हळू असते.