जनसुनावणीची वाट बघू नका, २१ दिवस मोजा

प्रश्न (थोडक्यात): सोलापूर जिल्ह्यातले एक शेतकरी लिहितात, “गावालगतचा दुपदरी राष्ट्रीय महामार्ग चौपदरी होतोय. टप्पा ८२ किलोमीटरचा आहे. १३ दिवसांपूर्वी पेपरात ३एची (रस्त्यासाठी जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी) नोटीस आली. आमच्या गटातले २८ गुंठे त्यात आहेत, डाळिंबाची बाग आणि विहीर त्यातच येते. गावात सगळे म्हणतात, पर्यावरणाची जनसुनावणी झाल्याशिवाय जमीन घेता येत नाही, विरोध तिथेच करू. सातबारा अजून आजोबांच्या नावावर आहे. कोर्टातून स्टे मिळेल का?”

ज्या जनसुनावणीची तुमचं गाव वाट बघतंय, ती बहुधा होणारच नाही. आणि जी मुदत खरोखर चालू आहे, तिच्याबद्दल तुमच्या पत्रात एक ओळही नाही. रस्ता रुंदीकरणाबद्दल येणाऱ्या बहुतेक पत्रांत हेच दिसतं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ च्या कलम ३सीप्रमाणे ३एची अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांत लेखी हरकत द्यावी लागते. जमीन जाण्याला विरोध करायची कायद्याने दिलेली ही एकच पायरी. तुम्ही पेपरातल्या तारखेपासून मोजून १३ दिवस म्हणताय. पण कलमातले शब्द ३ए(१) च्या अधिसूचनेबद्दल आहेत, आणि ती राजपत्रात निघते. पेपरातली जाहिरात त्या अधिसूचनेचा गोषवारा असतो आणि तो बऱ्याचदा काही दिवस उशिरा छापला जातो. म्हणजे तुम्हाला आठ दिवस उरलेत असं वाटत असलं तरी प्रत्यक्षात एकही उरला नसेल. आजच ई-गॅझेटच्या संकेतस्थळावर अधिसूचनेचा क्रमांक टाकून राजपत्राची तारीख बघा. क्रमांक पेपरातल्या जाहिरातीतच असतो. मुदत उलटलेली दिसली तरी हरकत द्याच. जाहिरातीच्या दिवसापासून मुदत मोजावी, कारण त्याआधी शेतकऱ्याला कळायला मार्गच नव्हता, असा मुद्दा त्यात लिहा. मुद्दा मांडण्यासारखा आहे, पण त्याच्या भरवशावर आणखी दिवस घालवू नका. कात्रण घरात ठेवून १३ दिवस पारावर चर्चा करण्यात तुमचं पुरेसं नुकसान झालं आहे.

आता पर्यावरणाचं. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेत महामार्ग बाब ७(एफ) खाली येतात. अस्तित्वात असलेल्या राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणासाठी मर्यादा आधी ३० किलोमीटर लांबी आणि २० मीटर जादा रुंदी अशी होती. २२ ऑगस्ट २०१३ च्या दुरुस्तीने ती १०० किलोमीटरच्या वर गेली, आणि सोबत अशी अट आली की सध्याच्या रस्त्यालगत ४० मीटरपेक्षा जास्त, किंवा वळणरस्ता वा बायपासवर ६० मीटरपेक्षा जास्त जादा जमीन लागत असली पाहिजे. लांबी आणि रुंदी दोन्ही अटी ओलांडल्या तरच पूर्वमंजुरी लागते, आणि जनसुनावणी त्या मंजुरीचाच भाग आहे. तुमचा टप्पा ८२ किलोमीटरचा, म्हणजे लांबीतच विषय संपतो. रुंदीतही फारसं हाती लागणार नाही. सध्या रस्त्याच्या हद्दीची रुंदी २४ मीटर असून ती ६० मीटर करायची असेल तर वाढ ३६ मीटर होते, ४० च्या आतच. चौपदरीकरणाची बहुतेक कामं या हिशेबातून सुटतात. रस्ता पूर्ण नव्या आखणीवरून, शेतांतून जाणार असता तर गोष्ट वेगळी होती. तिथे मंजुरी लागते, किमान ३० दिवस आधी सूचना देऊन जनसुनावणी घ्यावी लागते आणि पर्यावरण आघात अहवालाचा सारांश मराठीत मिळतो.

‘मोठ्या रस्त्याचे मुद्दाम तुकडे पाडलेत’ हा आक्षेप काही गावं घेतात. तो पोकळ नाही. तमिळनाडूतल्या विल्लुपुरम ते नागपट्टिणम या सुमारे १८० किलोमीटरच्या रस्त्याचे टप्पे पाडले होते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये सांगितलं की मंजुरी टाळण्यासाठी तुकडे पाडणं चालणार नाही. तरीही त्या रस्त्याला मंजुरीची गरज नाही असाच निकाल लागला, कारण जादा जमीन ४० आणि ६० मीटरच्या आत होती. म्हणून तुमचे ८२ किलोमीटर एखाद्या मोठ्या प्रकल्पाचा भाग आहेत का, हे माहितीच्या अधिकारात जरूर विचारा, फक्त त्या उत्तराची वाट बघत हरकत थांबवू नका. अर्जाला उत्तर द्यायची मुदत ३० दिवसांची आहे, तुमच्याकडे तेवढे दिवस नाहीत. शिवाय मंजुरी लागणाऱ्या प्रकल्पातही ती ३एच्या आधी हवी असं नाही. चेन्नई ते सेलम महामार्गाच्या प्रकरणात डिसेंबर २०२० मध्ये हे ठरलं आहे. मंजुरी प्रत्यक्ष काम सुरू होण्याआधी हवी. ‘मंजुरी नाही म्हणून भूसंपादन बेकायदा’ हे वाक्य तुमच्या गावाने आता सोडून द्यावं. वनजमीन, अभयारण्य किंवा समुद्रकिनाऱ्याची हद्द मध्ये येत असेल तर त्यांच्या परवानग्या वेगळ्या असतात. तुमच्या पत्रावरून तसं काही दिसत नाही.

हरकतीत काय लिहायचं? इथे दुसरी चूक होते. ‘मोबदला वाढवून द्या’ ही ३सीची हरकत होत नाही आणि ती एका ओळीत फेटाळली जाते. या टप्प्यावर विषय जमिनीच्या वापराचा आहे. मुद्दे असे असावेत: रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला पड जमीन किंवा महामार्गाचीच जुनी हद्द असताना रुंदीकरण सगळं एकाच बाजूला का. विहीर वाचवायला मध्यरेषा किती मीटर सरकवावी लागेल. २८ गुंठे म्हणजे ०.२८ हेक्टर गेल्यावर पलीकडे किती जमीन तुटते आणि तिथे जायला वाट कुठून. ओढ्याचं पाणी सध्या कोणत्या मोरीतून जातं, आणि भराव पडल्यावर ते कुणाच्या शेतात तुंबेल. विहिरीचं पाणी पलीकडच्या तुकड्यात न्यायचं असेल तर रस्त्याखालून आडवा पाईप टाकून द्यावा, ही मागणी आत्ताच लेखी करा. रस्ता झाल्यावर तो खोदायची परवानगी मिळवताना जीव मेटाकुटीला येतो. सोबत हाती काढलेला नकाशा आणि फोटो जोडा. अधिकाऱ्याला आखणीत खरोखर बदल सुचवता येईल असा कागद हवा, निषेधाचं पत्र नको.

अधिसूचनेत तुमच्या गटाचं वर्णन नीट आहे का, तेही तपासा. गट नंबर, क्षेत्र, जमिनीचा प्रकार यांतून नेमका कोणता भाग जातोय हे कळत नसेल तर तो गंभीर दोष आहे. बारांगोर ज्यूट फॅक्टरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये याच कारणाने ३एची अधिसूचना सदोष ठरवली होती. तरी रस्ता होऊन गेला होता म्हणून जमीन परत मिळाली नाही. उशिरा उठलेल्याला न्यायालय काय देतं, ते यातून समजून घ्या.

हरकत जाहिरातीत नाव दिलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याच्याच कार्यालयात द्यायची. बहुतेक ठिकाणी ते प्रांत असतात. तहसीलदार, आमदार, महामार्गाचे प्रकल्प संचालक यांना दिलेल्या निवेदनाला हरकत म्हणून किंमत नाही. दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. त्याच दिवशी स्पीड पोस्टनेही पाठवा. सुनावणीला स्वतः किंवा वकिलामार्फत हजर राहा आणि आदेशाची प्रत मागा. तो आदेश कायद्याने अंतिम असतो. त्यानंतर ३डीची अधिसूचना निघाली की जमीन सरकारजमा होते, ताबा तुमच्याकडे असला तरी. ३एनंतर वर्षभरात ३डी निघाली नाही तर ३ए आपोआप संपते, त्यात कोर्टाच्या मनाईचा काळ धरत नाहीत. तारखा लिहून ठेवा. नवी ३ए काढावी लागली तर बाजारभावही नव्या तारखेचा धरावा लागतो.

स्टेबद्दल स्पष्ट सांगतो. दिवाणी कोर्टात दावा लावू नका. विशिष्ट साहाय्य अधिनियमात २०१८ च्या दुरुस्तीने कलम २०ए आणि ४१(एचए) आली आहेत. रस्त्यासारख्या पायाभूत प्रकल्पाला उशीर होईल असा मनाईहुकूम दिवाणी न्यायालय देऊ शकत नाही. उरतो उच्च न्यायालयातला रिट अर्ज. सोलापूर जिल्ह्यासाठी तो ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातो. तिथे पहिला प्रश्न असेल, ‘३सीची हरकत दिली होती का?’ हरकत दिली असेल आणि ती न ऐकता किंवा कारण न देता फेटाळली असेल, तर अर्जात जीव आहे. दिलीच नसेल तर तुमच्यासाठी काय मागायचं, हे कोणताही प्रामाणिक वकील सांगू शकणार नाही.

संयुक्त मोजणी अडवायचा विचार गावात चाललाच असेल. अडवू नका. मोजणीदार आणि इतर अधिकारी येतील तेव्हा हजर राहून झाडांची संख्या आणि वय, विहिरीची खोली, ठिबक, पाईपलाईन, वीजजोडणी हे सगळं पंचनाम्यात लिहून घ्या. काही सुटलं तर सहीजवळच ‘हरकत राखून’ लिहून सुटलेलं नमूद करा. लोक मोजणीला आडवे जातात, अधिकारी जुन्या कागदावरून अहवाल भरतात, आणि चार वर्षांची बाग कागदावर जिरायत होते. तुमच्या सातबाऱ्यावर डाळिंबाची पीकपाहणी लागली आहे का? ई-पीक पाहणी केलेली नसेल तर बाग असल्याचं तुम्हालाच सिद्ध करावं लागेल. रोपांची बिलं, ठिबक अनुदानाचे कागद, व्यापाऱ्याच्या पट्ट्या आत्ताच गोळा करा.

आता आजोबांच्या नावाचा सातबारा. इतकी वर्षं वारसनोंद केली नाही, ही टाळाटाळ मला खरोखर समजत नाही. हरकत द्यायला नाव लागलेलं असणं आवश्यक नाही, हितसंबंधित व्यक्ती पुरेशी आहे. मृत्यू दाखला आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडून सगळ्या वारसांच्या सह्यांनी हरकत द्या. पैशाच्या वेळी मात्र अडेल. मोबदल्याच्या वाटणीवर वाद निघाला तर कलम ३एच(४) खाली प्रकरण जिल्ह्याच्या दिवाणी न्यायालयाकडे जातं आणि रक्कम तिथे अडकून पडते. ती सुटायला किती वर्षं लागतील, याचा अंदाज कोणीही देऊ नये. एखाद्या आत्याने किंवा चुलतभावाने एक अर्ज दिला की पुरे. वारसनोंदीचा अर्ज ई-हक्कवर किंवा तलाठ्याकडे याच आठवड्यात द्या, आत्यांची नावं न वगळता.

मोबदल्याच्या आकड्यावर आज अंदाज बांधत नाही. भाव ३ए प्रसिद्ध झाल्याच्या तारखेचा धरतात, त्याआधीच्या तीन वर्षांतली खरेदीखतं बघतात, आणि २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे १०० टक्के दिलासा रक्कम वर मिळते. आसपासच्या चांगल्या दराच्या खरेदीखतांच्या नकला दुय्यम निबंधकाकडून काढून ठेवा आणि मोबदल्याचे दावे मागवणारी ३जी(३) ची जाहिरात आली की त्या दाव्यासोबत द्या. निवाडा कमी वाटला तर रक्कम ‘हरकत राखून’ उचला आणि लवादाकडे जा. लवादाची कामं रेंगाळतात, पण त्याचा निर्णय हाती पडला की घड्याळ पुन्हा सुरू होतं. जिल्हा न्यायालयात आव्हान द्यायला तीन महिने, आणि सबळ कारण असेल तर आणखी ३० दिवस. एकतिसावा दिवस कुठलंही न्यायालय माफ करू शकत नाही. म्हणून निर्णयाची सही केलेली प्रत ज्या दिवशी मिळाली ती तारीख त्या प्रतीवरच लिहा आणि लिफाफा फेकू नका.