वाचकांचे प्रश्न: ऑइलर्सचा गोली बदलला, मग घोडं अडलं कुठे?

या वेळी आइस हॉकीच्या पत्रांत एडमंटन ऑइलर्स, म्हणजे एनएचएल लीगमधली आपली कॅनडाची टीम, सोडून दुसरं काही नाहीच. २०२४ आणि २०२५, लागोपाठ दोन वर्षं स्टॅन्ली कपच्या फायनलला जाऊन फ्लोरिडा पँथर्सकडून हरल्यावर लोक चिडणारच म्हणा. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत आणि शिव्या गाळल्यात.

प्रश्न: गोली (गोलकीपर) स्टुअर्ट स्किनरला पिट्सबर्गला पाठवून ट्रिस्टन जॅरी आणला, शेवटी जाग आली म्हणायची का? गोली बरा असता तर २०२५ चा कप आपलाच होता.

असं मला तरी वाटत नाही. स्किनर कधी कसा खेळेल याचा नेम नव्हता हे खरंच आहे, २०२५ च्या प्लेऑफला (सिझननंतरच्या बाद फेऱ्यांना) लॉस एंजेलिसविरुद्ध पहिल्या दोन मॅचमध्ये इतके गोल खाल्ले की राखीव गोली पिकार्डला आणावं लागलं, पिकार्डने सलग सहा जिंकून दिल्या आणि मग तो जखमी झाला. पण त्यानंतर याच स्किनरने व्हेगासला लागोपाठ दोन मॅचमध्ये एकही गोल करू दिला नाही हे सगळे सोयीस्कर विसरतात. फायनलमध्ये तो ढेपाळला, मान्य. पण शेवटच्या तीन मॅचचा पहिला पिरियड आठवा, ३-०, २-०, २-०, तिन्ही वेळा पहिल्या वीस मिनिटांत आपण मागे, त्यातली मधली मॅच तर पिकार्डने सुरू केली होती. गोली बदलला तरी पहिला पिरियड तसाच गेला ना? म्हणजे पुढे उभे असलेले पाच जण काय करत होते हेही विचारायला हवं.

आणि जॅरीचं म्हणाल तर जानेवारी २०२५ मध्ये पिट्सबर्गने त्याला वेव्हर्सवर टाकला होता, म्हणजे फक्त त्याचा पगार उचलायची तयारी असेल तर कोणीही घेऊन जा, आणि एकाही टीमने हात वर केला नाही, आपणही नाही. अकरा महिन्यांनी त्याच माणसासाठी स्किनर, वर ब्रेट कुलाकसारखा भरवशाचा डिफेन्समन, वर ड्राफ्टमधला (नव्या खेळाडूंच्या निवडीतला) सेकंड राउंडचा पिक. बदल्यात जॅरीबरोबर सॅम पूलन आला. स्किनरचा कॉन्ट्रॅक्ट वर्षाला २.६ मिलियन डॉलरचा आणि २०२५-२६ च्या सिझनलाच संपणारा, जॅरीचा ५.३७५ मिलियनचा, तोही २०२८ पर्यंत. जॅरीची २०२५-२६ ची सुरुवात चांगली झाली होती हे मान्य करूनही मला हे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी वाटतं.

प्रश्न: मग आग नेमकी कुठे लागली होती? दरवेळी कोणीतरी "ब्रोबर्ग आणि हॉलोवे" म्हणून उसासा टाकतं, पण मी २०२५ पासून बघायला लागलोय, मला ती भानगडच माहीत नाही.

बरं झालं विचारलंत, माझं दुखणं हेच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सेंट लुईस ब्लूजने डिफेन्समन ब्रोबर्ग आणि फॉरवर्ड हॉलोवे या आपल्या दोन पोरांना एकाच दिवशी ऑफर शीट दिली. ऑफर शीट म्हणजे, ज्याचा कॉन्ट्रॅक्ट संपलाय पण हक्क अजून जुन्या क्लबकडे आहेत अशा तरुण खेळाडूला दुसरा क्लब सरळ आकडा देतो, त्याने सही केली की जुन्या क्लबला सात दिवस मिळतात, तेवढेच पैसे देऊन ठेवा नाहीतर ड्राफ्टचे पिक घ्या आणि गप्प बसा. किती पिक मिळणार हे आकड्यावर ठरतं. आता ब्लूजची हुशारी बघा, ब्रोबर्गला वर्षाला ४.५८ मिलियन आणि हॉलोवेला २.२९, दोन्ही आकडे आपापल्या पायरीच्या अगदी वरच्या टोकाला, थोडे वर गेले असते तर जास्त पिक द्यावे लागले असते. म्हणजे एडमंटनला जास्तीत जास्त टोचेल आणि ब्लूजला कमीत कमी खर्च येईल असा हिशोब. ऑइलर्सनी सात दिवस विचार केला आणि दोघांना सोडलं, मिळालं काय तर एक सेकंड राउंड, एक थर्ड राउंड. ब्रोबर्ग २०१९ चा आठवा पिक होता आणि हॉलोवे २०२० चा चौदावा, इतकी वर्षं पोसून तयार केलेले.

का सोडलं? कॅप, म्हणजे एका टीमने सगळ्यांच्या पगारावर किती खर्च करायचा याची मर्यादा. २०२४-२५ ला कॅप ८८ मिलियन होती आणि १ जुलैलाच आपण व्हिक्टर आर्व्हिडसनला ४ आणि जेफ स्किनरला ३ मिलियन देऊन बसलो होतो (हा जेफ वेगळा, गोली स्किनर वेगळा, दरवेळी घोळ होतो). ४ आणि ३, सात. ब्रोबर्ग-हॉलोवे मिळून ६.८७. हे गणित मी परत परत करतो आणि परत परत डोकं फिरतं. पुढच्या सिझनला हॉलोवेने सेंट लुईसला २६ गोल आणि ६३ पॉइंट केले, आर्व्हिडसन आणि जेफ स्किनर दोघांचे पॉइंट एकत्र केले तरी तिथपर्यंत पोचत नाहीत. आणि २०२५ च्या उन्हाळ्यात ते दोघंही गेले, एक बॉस्टनला, एक सॅन होजेला. स्टॅन बोमनला शिव्या देणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की तो जनरल मॅनेजर झाला जुलैच्या शेवटी, खरेदी त्याच्या आधीच झाली होती. सोडायचा निर्णय मात्र त्याचाच.

फ्लोरिडाने फायनल कशी जिंकली बघा. ब्रॅड मार्शां, मार्च २०२५ मध्ये बॉस्टनकडून आणलेला, लुंडेल आणि लुओस्टारिनेनबरोबर तिसऱ्या लाइनला (एकत्र बर्फावर उतरणारे तीन फॉरवर्ड म्हणजे एक लाइन, भारी खेळाडू पहिल्या दोन लाइनला) खेळायचा आणि फायनलमध्ये एकट्याने सहा गोल. तिसऱ्या लाइनकडून! आपल्याकडे फॉरवर्ड हायमन डॅलसविरुद्ध मनगटाला लागून बाहेर गेल्यावर आपले दोन स्टार मॅकडेव्हिड आणि ड्रायसायटल बेंचवर बसले की बर्फावर होतं कोण? तिथे हॉलोवे हवा होता, पळणारा, अंगावर जाणारा, स्वस्तातला.

प्रश्न: क्रिस नॉब्लॉक बेंचमागे नुसता हाताची घडी घालून उभा असतो. कधी ओरडत नाही, टाइमआउट घेत नाही. असा कोच चालतो का?

ओरडणारे आपण आहोत की. थट्टा सोडा, नोव्हेंबर २०२३ आठवा, आधीचा कोच जे वुडक्रॉफ्ट याला काढलं तेव्हा तेरा मॅचमध्ये तीनच जिंकलो होतो. नॉब्लॉक मायनर लीगमधून, हार्टफर्डहून आला आणि त्याच सिझनला सलग १६ मॅच जिंकल्या, पिट्सबर्गच्या १७ च्या रेकॉर्डला एक कमी. फायनलला ०-३ वरून ३-३ केलं आणि सातवी मॅच २-१ ने गेली. एरी ऑटर्सला ज्युनियरमध्ये त्यानेच मॅकडेव्हिडला कोच केलं होतं, त्यामुळे त्याला मॅकडेव्हिडसमोर काही सिद्ध करायचं नसतं, आणि मला वाटतं तीच त्याची जमेची बाजू आहे. माझी तक्रार वेगळी आहे. मागे पडलो की मॅकडेव्हिड आणि ड्रायसायटल एका लाइनवर टाकायचे हा त्याचा हुकमी पत्ता, पण तो इतक्या लवकर टाकतो की बाकीच्या तीन लाइन मोडून पडतात, पोरांना कळतच नाही आपण कोणाबरोबर खेळतोय. ब्लॅकबोर्डवर छान दिसतं, तिसऱ्या पिरियडला पाय चालत नाहीत.

प्रश्न: मॅकडेव्हिडने दोनच वर्षांचं एक्स्टेन्शन का घेतलं? जाणार आहे ना तो? खरं सांगा.

त्याच्या मनातलं मी कुठून सांगू. पण आकडे बोलतात. वर्षाला १२.५ मिलियन, म्हणजे २०१७ मध्ये सही केलेल्या आठ वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टचाच आकडा. ड्रायसायटल १४ घेतो, मिनेसोटाच्या कप्रिझोव्हने आठ वर्षांसाठी १७ मिलियनवर सही केली. जगातला सगळ्यात भारी खेळाडू कप्रिझोव्हपेक्षा साडेचार मिलियन कमी घेतो, तेव्हा तो म्हणतोय की घ्या, ही जागा कॅपमध्ये तुमच्यासाठी सोडली, पण २०२८ पर्यंतच. जाणारा माणूस पैसे सोडत नाही, आणि नक्की राहणारा माणूस दोनच वर्षांवर सही करत नाही. म्हणून तर मला जॅरीच्या ५.३७५ चा राग येतो, मॅकडेव्हिडने सोडलेली जागा कोणाच्या खिशात चाललीय बघा!

प्रश्न: फ्लोरिडात राज्याचा इन्कम टॅक्स नाही म्हणून ते जिंकतात. बरोबर?

थोडंसं. त्यांचे बेनेट ८ मिलियनवर, मार्शां ५.२५ वर, एकब्लॅड ६.१ वर राहिले, हे एडमंटनच्या प्रांतात, अल्बर्टात, जमलं नसतं. पण टॅक्स तिथे आधीही नव्हता आणि पँथर्स वर्षानुवर्षं प्लेऑफचं तोंडही बघत नव्हते.

प्रश्न: अकरा फॉरवर्ड आणि सात डिफेन्समन खेळवायचं खूळ कशासाठी?

एका मॅचला गोली सोडून अठरा जण, नेहमीची वाटणी बारा-सहा. एक फॉरवर्ड कमी केला की चौथ्या लाइनला एक जागा रिकामी राहते आणि तिथे आलटून पालटून मॅकडेव्हिड किंवा ड्रायसायटलला जास्तीची शिफ्ट (बर्फावर उतरायची पाळी) मिळते. वुडक्रॉफ्टला हे फार आवडायचं. डिफेन्समध्ये कोणी अर्धवट फिट असेल तर ठीक, एरवी नको. सात जण डिफेन्सला असले की जोड्या बसत नाहीत, आणि उरलेले फॉरवर्ड मेटाकुटीला येतात.

प्रश्न: डिफेन्समन डार्नेल नर्सला ट्रेड करा. एवढंच म्हणायचंय.

९.२५ मिलियन, २०३० पर्यंत, आणि त्याच्या होकाराशिवाय हलवता येत नाही. घेणारा सापडला आणि तो हो म्हणाला तर मला पहिलं पत्र पाठवा.